आवाज कुठेही तुटला नाही

आमची सून काय काम करते असं कुणी विचारलं की सासूबाई सांगायच्या, "कंपूटरपुढं बसती." त्यात खोटं काही नव्हतं. लग्न होऊन मिरजगावात आल्यापासून मी घरूनच पुण्याच्या एका कंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहिते, आणि ते बसूनच लिहावं लागतं.

स्टेजवर गाणाऱ्याचा आवाज माइकमधून लॅपटॉपमध्ये येतो, तिथे साफसूफ होतो, त्याला थोडा घुमारा मिळतो आणि तो स्पीकरमधून बाहेर पडतो. आमचं सॉफ्टवेअर हे मधलं काम करतं. ते इतकं झटपट व्हावं लागतं की गाणाऱ्याला मध्ये काही घडलं असं जाणवताच कामा नये. जरा उशीर झाला की 'टक्' असा आवाज येतो आणि हॉलमधली सगळी माणसं साउंडवाल्याकडे वळून बघतात. म्हणून प्रोग्रॅममध्ये आवाजासाठी एक वेगळा धागा काढायचा. आम्ही त्याला थ्रेडच म्हणतो. बाकीचे थ्रेड पडदा रंगवतात, फायली वाचतात, आपापली कामं करतात. आवाजाचा थ्रेड सुरू करतानाच सिस्टिमला सांगून ठेवायचं, याची वेळ आली की इतरांनी बाजूला व्हायचं. आणि त्यालाही पथ्य घालून द्यायचं की कुणासाठीही थांबायचं नाही.

आमचा थ्रेड मात्र अधूनमधून थांबत होता, आणि कारण सापडायला माझा सगळा उन्हाळा गेला. पडद्यावर आवाजाबरोबर खालीवर नाचणारी एक हिरवी पट्टी असते. ती रंगवणारा थ्रेड आवाजाचे आकडे वाचताना त्यांना कुलूप लावायचा. नेमका त्याच वेळी आवाजाचा थ्रेड तिथे आला की एवढा मानाचा गडी बाहेर ताटकळत उभा, आणि आत शोभेचं काम चाललेलं. मी ते कुलूपच काढून टाकलं आणि पट्टीला तिचे आकडे दुसऱ्या वाटेने पोचते केले. मीटिंगमध्ये सांगितलं, "आता आपलं शिंगणापूर झालंय. कुलूप नाही आणि दारही नाही." सगळे हसले.

माझ्या खोलीला दार होतं, आतून कडीही होती. पण सुनेने ती दिवसा लावायची नसते. लग्नाच्या पहिल्या वर्षी एका मीटिंगपुरती मी ती लावली. सासूबाईंनी दार वाजवलं नाही की हाक मारली नाही. ओसरीत बसून आल्यागेल्याला सांगत राहिल्या, "आतून कडी लावून बसलीय, काय बिनसलंय काय म्हाईत." संध्याकाळी शेजारची बाई मला विचारायला आली, माहेरी सगळं ठीक आहे ना. तेव्हापासून मी दार नुसतं लोटून ठेवते. लोटलेलं दार म्हणजे 'या' म्हणणंच. तेलाचा डबा कुठाय, मोबाईलला रेंज का न्हाई, गॅसवाल्याला फोन लावून दे. प्रत्येकाचं काम दोनच मिनिटांचं असतं, आणि त्या दोन मिनिटांनंतर डोक्यातलं सगळं पुन्हा पहिल्यापासून मांडावं लागतं. चीड येते. अजूनही येते.

आमच्या मॅनेजर बाईंनी सांगितलं की एक मोठं गिऱ्हाईक सॉफ्टवेअर बघणार आहे, डेमो तू दे. तो नीट झाला तर आवाजाचं सगळं काम तुझ्या हाताखाली येईल. मला ते हवं होतं. गावात बसलेल्या बाईच्या हाती कुणी असलं काम देत नाही, आणि मी ते स्वतःच्या डोक्याने मिळवणार होते. डेमोची आखणीही माझीच. माझा माइक सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालू राहणार. बोलता बोलता मी त्याची वायर उपसणार, आधीच जोडून ठेवलेला दुसरा माइक त्याच क्षणी आवाज उचलणार, आत जुना थ्रेड मुकाट्याने आवरला जाऊन नवा उभा राहणार, आणि ऐकणाऱ्यांना पत्ताही लागणार नाही.

घरात आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. नवरा खताबियाण्याच्या दुकानावर निघाला तेव्हा परत म्हटलं, "अहो, दुपारी महत्त्वाचं काम आहे. तेवढा वेळ कुणी आत येऊ नका."

"कोन येतंय तुझ्या खोलीत," असं म्हणून तो गाडीला किक मारून गेला.

दुपारी त्याची कोपरगावची मावशी आली, न कळवता. डेमो सुरू झालेला. ओसरीतली बोलणी मला पुसट ऐकू येत होती. सासूबाईंना चहा करता येत नाही असं नाही, पण सून घरात असताना सासूने उठून गॅस पेटवला तर पाहुणी ते गावभर सांगणार. त्यांनी दुकानात फोन लावला.

इकडे मी वायर उपसली, दुसऱ्या माइकने आवाज उचलला. आवाज कुठेही तुटला नाही. पलीकडून कुणीतरी "वा" म्हणालं. आत नेमकं काय झालं ते मी समजावून सांगत होते, तेवढ्यात दार उघडलं.

"मावशी कवाची येऊन बसलीय," नवरा म्हणाला. "चहा न्हाई, पानी न्हाई. काढ ते कानातलं. लई मोठी कामं करती का तू? म्हाईत हायेत मला तुझी कामं. पंख्याखाली बसून गानी ऐकायची आन आईला राबवायचं."

माझ्या कानांवर हेडफोन होते, त्यामुळे त्याचा आवाज मला माइकमधूनच आला, मी लिहिलेल्या थ्रेडमधून. त्याचे ओठ आणि त्याचे शब्द यांत तसूभर अंतर नव्हतं. माझा हात माइक बंद करायच्या बटणाकडे जाईपर्यंत त्याचं बोलून झालं होतं. शरमेने माझे कान तापले होते, आणि तरी मनात पहिला विचार आला तो हा, की एकदाही टक् झालं नाही. मग मी "आले" म्हटलं. तेही सगळ्यांनी ऐकलं.

मग गिऱ्हाइकांपैकी एक जण खाकरून म्हणाला, "आवाज फार स्वच्छ आहे."

मी जाऊन चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर बाईंचा फोन आला. सॉफ्टवेअर घेतलं त्यांनी, तुझ्यामुळेच, म्हणाल्या. मग आवाज मऊ करून म्हणाल्या, "तू आधी घरचं बघ गं. हे काम फार ताणाचं असतं, गिऱ्हाइकाचा कधीही फोन येतो. सध्या तुला सॉफ्टवेअर कसं वापरायचं त्याची मदतपुस्तिका लिहायला देऊ. तुझ्या सवडीने कर."

"मला सवड नकोय," मी म्हटलं. "मला ते काम हवंय. ते मी केलंय."

"मी समजू शकते," त्या म्हणाल्या.

त्या रागावल्या असत्या तर मी भांडले असते. कीव करणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं, हे मला अजून कळलेलं नाही. माझा थ्रेड टीममधल्या दुसऱ्या एकाकडे गेला. काही अडलं की तो मला फोन करून विचारतो, आणि मी सांगते.

संध्याकाळी नवऱ्याला म्हटलं, काम बदललंय, आता नुसतं लिहायचं आहे.

"मंग बरंच झालं की," तो म्हणाला. "हलकं काम हाय. घरचं बी व्हईल अन् तुझं बी." तो मनापासून खूश झाला होता, माझ्यासाठी.

त्याचं बोलणं तिकडे सगळ्यांनी ऐकलं, हे मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो ओशाळला असता, ताटावरून उठला असता, मला काय म्हाईत माइक चालू हाय म्हणाला असता, आणि त्याची समजूत मलाच काढत बसावं लागलं असतं.