भासऱ्यांशी पहिलं बोलणं

माझ्या भासऱ्यांशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, मी पहिल्यांदा बोलले ते त्यांची इज्जत काढायला. त्याचा मला अजूनही पस्तावा नाही.

आमच्या वऱ्हाडात सून भासऱ्याशी बोलत नाही. डोक्यावर पदर, नजर खाली. अमरावतीच्या घरात खालचा मजला त्यांचा, वरचा आमचा. घरी दुसरं कोणी नसलं की ते अंगणात खाकरून भिंतीला म्हणायचे, "पानी भेटंन का?" मी तांब्या ओट्यावर ठेवून आत पळायचे. पोरं कॉलेजात गेली, तरी हेच चाललेलं.

मग माझ्या डाव्या स्तनात गाठ निघाली. कॅन्सरच होता. अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंकडे जाताना नवरा गाडी चालवत होता, शेजारी भासरे, मागे मी. भासरे नवऱ्याला म्हणाले, "तिले इचार, पानी पाह्यजे का." आणि मी हातभर अंतरावर बसलेली! हसावं का रडावं, सांगा.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. गाठ लहान आहे, लवकर सापडली. फक्त गाठ काढून नंतर काही आठवडे रेडिएशन घेता येईल, किंवा पूर्ण स्तन काढता येईल. माझ्या बाबतीत जगण्यावाचण्याच्या हिशेबानं दोन्ही सारखंच. "तुम्ही ठरवा," त्या मला म्हणाल्या. नवरा चित्राकडे बघत होता. भासरे भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते.

परतताना मूर्तिजापूरला चहाला थांबलो, तोवर माझं ठरलं होतं. गाठ जाऊ दे, स्तन राहू दे. कोणी विचारलं की सांगू, म्हणून मी वाट पाहिली. कोणी विचारलंच नाही.

रविवारी खालच्या बैठकीत माणसं जमली. चांदूर बाजारहून दोन चुलत भासरे आले होते. मी जावेसोबत आत चहा करत होते. भासऱ्यांच्या मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू होती, आणि नवरीची काकू रोज अकोल्याला रेडिएशनला जाते हे सोयऱ्यांत कळलं तर बोभाटा होईल, ही त्यांची खरी पंचाईत. दाराआडून भासऱ्यांचा आवाज आला, "तो भाग काढूनच टाकू. एका झटक्यात मोकळं. आता या वयात काय कामाचं हाय ते?"

माझा नवरा म्हणाला, "तुमी म्हनान तसं, दादा."

माय वो! अंगाची लाही लाही झाली माझ्या. मी गॅस बंद केला. जावेनं दंड धरला, "नको वो बाई, मोठ्या मानसाईत..." मी हात सोडवला, पदर खांद्यावर टाकला आणि ट्रे घेऊन बाहेर गेले.

"दादा, कोनता भाग?"

भासरे नवऱ्याला म्हणाले, "तिले सांग आत जायले."

"त्याईले काहून सांगता? मी इथंच हाये. कोनता भाग काढाचा? नाव घ्या."

"लाज नाई वाटत तुले?"

"तुमाले वाटते नं? ज्याचं नाव घ्याची लाज वाटते, त्याचा फैसला काहून करून राहिले मंग? स्तन म्हना, दादा. डावा."

एका चुलत भासऱ्याच्या हातातली बशी कलंडली. भासरे उठले, भलत्याच्याच चपला पायात सरकवून अंगणाबाहेर गेले. त्यांचा चहा तसाच राहिला. मी त्यांच्या खुर्चीत बसून तो सगळ्यांसमोर प्यायले. साखर बरोबर पडली होती.

नवरा हळूच म्हणाला, "तू म्हनशीन तसं." थोड्या वेळापूर्वी हेच तो भावाला म्हणाला होता. अशा माणसावर काय रागवायचं, असं नंतर माझी बहीण म्हणाली. पण मी रागावले. भासऱ्यांवर नव्हता तेवढा राग त्याच्यावर होता, अजून आहे.

एक गोष्ट मात्र मनात टोचत राहिली. भासरे 'ठेवा' म्हणाले असते तर मी खुन्नस म्हणून कापून घेतला असता का? बैठकीतला प्रकार ऐकून डॉक्टरीणबाईंनीही तेच विचारलं, "रागाच्या भरात नाही ना ठरवलं?" मी खरं ते सांगितलं. ठरवलं आधीच होतं, रागामुळे फक्त बोलता आलं. मला माझा स्तन हवा होता. कोणाच्या कामाचा म्हणून नाही. माझा आहे, म्हणून.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आले तेव्हा नवरा फोन घेऊन उशाशी उभा होता.

"दादाचा फोन हाय. काय सांगू?"

"सांगा, गाठ काढली. डावा स्तन शाबूत हाय. असंच सांगा."

तो दाराकडे वळला.

"बाहेर नाई. इथं, माह्यासमोर."

त्यानं फोन कानाला लावला. "गाठ काढली, दादा. बाकी सारं बरं हाय." मी त्याच्याकडे बघत राहिले. त्यानं घसा साफ केला, खिडकीकडे तोंड फिरवलं आणि उरलेलं वाक्यही सांगितलं.