रिसीव्हर माझ्या पर्समध्ये होता

अशा सदरांतले अनुभव मी आजवर चहाबरोबर तोंडी लावायला वाचत आले. खरे वाटतात म्हणून नाही. मी कॉम्प्युटर दुरुस्त करते. "ताई, आपोआप बंद पडला हो" म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या घरी मला एक तर सुटलेली वायर सापडलीय, नाहीतर उंदीर. तेव्हा हसायचं तर खुशाल हसा, मीही हसले असते.

साधारण दोन हजार चार-पाचचे दिवस. हडपसरला आयटी पार्क उभी राहत होती, आणि मी अकोल्याहून येऊन, वारज्यात खोली घेऊन, स्कूटीवर पुणंभर हिंडत होते. हडपसर गावठाणाजवळ गजभिये सरांचं घर. सरांनी तीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवला, त्यांच्या हाताखालची किती मुलं सरकारी कचेऱ्यांत लागली त्याला गणती नाही. त्या सरांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, नजर कायम छताला. "समज कितपत उरलीय सांगता येत नाही," असं डॉक्टर म्हणाले... आणि सगळ्यांनी ती उरलीच नाही असं धरून टाकलं. त्यांच्या उशाशी उभं राहून लोक त्यांच्याबद्दल वाट्टेल ते बोलायचे.

सरांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, तेवढं मानलं नव्हतं. पण मुलगा मिलिंद रविवारी बंगलोरहून येऊन सरांना खडकवासल्याकडच्या एका शुश्रूषा केंद्रात ठेवणार होता. वाईट नव्हता तो. आईची कंबर रोज मोडताना त्याला दिसत होती.

गुरुवारी काकूंनी मला बोलावलं. "अगं, त्यांच्या डाव्या हाताची बोटं बघ. चादरीवर कशी चालतात. टाइप करतायत ते!"

मला ती नुसती थरथर वाटली. पण काकूंपुढे बोलायची कोणाची छाती?

मिलिंदने पूर्वी कधीतरी पाठवलेला वायरलेस कीबोर्ड-माउस घरात पडून होता. तो पलंगावर सरांच्या हाताशी ठेवायचा, असा काकूंचा बेत. प्रश्न होता तो जोडायचा कशाला! नव्या मशीनवर मराठी अक्षरं भलत्याच जागी. सरांच्या बोटांना टाइपरायटरची मांडणी ठाऊक, आणि ती होती फक्त क्लासच्या जुनाट मशीनवर. चालू केलं की सरळ मराठीचाच प्रोग्राम उघडायचा. त्या मशीनचा स्वतःचा कीबोर्ड केव्हाच मेलेला. मागे यूएसबी नाही, जुन्या पद्धतीचं मोठं गोल भोक तेवढं. वायरलेस कीबोर्डची अक्षरं पकडून मशीनला देते ती छोटी डबी म्हणजे रिसीव्हर; तो मशीनला जोडल्याशिवाय कीबोर्ड मुका. मी रिसीव्हरला एक कन्व्हर्टर, त्याला आणखी एक कन्व्हर्टर अशी शेपटी लावली. माउसचा नाद सोडला. दोन तास खटपट केली, पण रिसीव्हरचा दिवा काही लागेना. मशीन प्रत्येक वेळी काळा पडदा दाखवून अडून बसायचं — कीबोर्ड सापडत नाही, एफ-वन दाबा. आता कीबोर्डच नाही तर एफ-वन दाबायचं कशावर, कपाळावर?

शेवटी मशीन बंद केलं. रिसीव्हर, दोन्ही कन्व्हर्टर घरी तपासायला पर्समध्ये टाकले. कीबोर्ड तेवढा पलंगावरच राहिला. आणि इथे माझं चुकलं. काम झालं नाही, हे सांगायला जीभ रेटेना. "उद्या चक्कर टाकते, काकू," म्हणून मी सटकले.

शुक्रवारी अकराच्या सुमारास फोन. "अगं ये लवकर! टाइप केलंय त्यांनी!"

"कशावर, काकू?"

"कशावर म्हणजे? तू जोडून गेलीस ना!"

मी वारज्यात माझ्या टेबलाशी उभी होते. रिसीव्हर माझ्यासमोर पडलेला.

हडपसरला कशी पोचले आठवत नाही. काकूंनी सांगितलं, सकाळी मशीन चालू केलं, काळ्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं. यांच्या पोटावर कीबोर्ड ठेवला. यांनी वरच्या रांगेतलं एक बटण दाबलं आणि पडदा पुढे सरकला. मग तासभर एका बोटाने... पडद्यावर हे होतं :

प्रति,
सौ. शालिनी गजभिये, हडपसर.
विषय : केंद्रात न पाठविण्याबाबत.
संदर्भ : आपले कालचे रडणे.
महोदया,
उपरोक्त विषयी कळविण्यात येते की, मला सर्व ऐकू येते व समजते. आपण दिवसभर माझ्याशी बोलता, ते कृपया चालू ठेवावे, ही विनंती.
आपला विश्वासू

"लग्नाला चाळीस वर्षं झाली," काकू म्हणाल्या, "एक पत्र लिहिलं नाही या माणसाने. लिहिलं ते हे असं!" त्या हसत होत्या की रडत होत्या, दोन्ही. मी गेल्यावर त्या सरांजवळ बसून रडल्या होत्या. घरात तिसरं कोणी नव्हतं.

मी मशीनच्या मागे वाकले. गोल भोक रिकामं, त्यात बोट घालून पाहिलं. मग पलंगावरच्या कीबोर्डची बटणं मी स्वतः दाबली. पडद्यावर एक अक्षर उमटलं नाही. उमटणारच नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला, पण भीतीचा नव्हे. देव्हाऱ्यापुढे कधी हात न जोडणारी मी, त्या मशीनपुढे चप्पल काढून उभी राहिले.

पत्र सेव्ह करायलाही कीबोर्ड लागतो, म्हणून काकूंनी ते वहीत उतरवून घेतलं. शनिवारी मी नवा कन्व्हर्टर आणला, दिवा लागला, काम रीतसर झालं. रविवारी मिलिंदला सरांनी एक पत्र दिलं, तेही विषय-संदर्भासकट. ते वाचून तो बापाच्या पायाशी बसला तो जेवायलासुद्धा उठला नाही. केंद्राचा विषय तिथेच संपला.

कारण मला आजही सापडलेलं नाही. या लाइनमधल्या दहा जणांना विचारलं. नऊ जण म्हणाले, तू रिसीव्हर काढायला विसरली असशील. दहाव्याने मला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

शनिवारचं एक मात्र सांगायचं राहिलं. दिवा लागल्यावर काकू चहा टाकायला आत गेल्या, तेव्हा मी सरांच्या कानाशी वाकून विचारलं, "सर, काल कीबोर्ड जोडलेलाच नव्हता. तरी तुम्ही कसं टाइप केलंत?"

सरांचं डावं बोट कीबोर्डवर सरकलं. मग एकेक अक्षर उमटलं :

"जोडलेला नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं."