गादीतले दोन खळगे

तीन आठवड्यांपूर्वी मी देऊळघाटला बशीरचाचांना फोन लावला. आमच्या रॉकीची, म्हणजे कुत्र्याची, गादी पिंजायला द्यायची होती. फोन त्यांच्या मुलानं, अन्वरनं उचलला. “ताई, अब्बा गेले... मागच्या जुम्म्याले.” मी फोन ठेवला आणि बांधून ठेवलेली गादी पुन्हा रॉकीला अंथरली.

आमच्या घरातल्या सगळ्या गाद्या चाचांनीच भरलेल्या. रॉकी नऊ वर्षांचा झाला तेव्हाची गोष्ट. जिना चढेना, हाक मारली तरी उठेना, आणि एक दिवस लेकीनं मागून लाडानं कवटाळलं तर तिच्या हाताला त्यानं दात लावले. याचं डोकं फिरलं, असं आम्ही धरूनच चाललो. ह्यांनी ठरवून टाकलं, वडनेर भोलजीला दिरांच्या शेतावर नेऊन सोडायचा. मीही हो म्हटलं. आज त्याची लाज वाटते.

त्याच दिवशी चाचा गाद्या न्यायला आले. रॉकीची गादी मी फेकायला काढून ठेवली होती, का तेही त्यांना सांगितलं. चाचांनी सवयीनं तिच्यावर तळवा फिरवला आणि थांबले.

“ताई, हा एकाच अंगावर झोपते काय?”

मला कुठं माहीत! नऊ वर्षं सांभाळलेला कुत्रा...

“डावीकडं पार खळगा पडला. उजवीकडं कापूस जसाच्या तसा. माणसाची गादी अशी आली का मी समजतो, याचं काहीतरी दुखून राह्यलं. डोकं नाही फिरलं त्याचं. काऊन बदनाम करता त्याले?”

गुरांच्या डॉक्टरांनी तपासलं. उजव्या खुब्यात संधिवात, आणि लेकीनं नेमकं तिथंच धरलं होतं. सासूबाई आपली गुडघेदुखीची गोळी द्यायला निघाल्या, तर डॉक्टरांनी हातच जोडले. माणसाची गोळी कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते म्हणाले. औषध ते लिहून देतील तेवढंच, वजन उतरवायचं, रोज थोडं थोडं फिरवायचं, गुळगुळीत फरशीवर पोती अंथरायची. शेतावर सोडायचा विषय तिथंच संपला. चाचांनी जाड गादी शिवून दिली. पुढं कधीही आले की आधी तिच्यावर हात फिरवायचे, मग चहा. “अजून डावीकडंच,” म्हणायचे आणि माझ्याकडे असे बघायचे की जणू मीच औषध चुकवते.

परवा अन्वर गादी न्यायला आला. त्यानं तळवा फिरवला, अगदी तसाच, बोटं जराशी उचलून. मग दुसऱ्या बाजूनं फिरवला.

“दोन्हीकडं खळगा आहे, ताई.”

मला रडू आवरेना. हे ऐकायला चाचा हवे होते. अन्वरनं गादीची वळकटी खांद्यावर घेतली आणि दारातून वळून म्हणाला, “संध्याकाळी आणून देतो. तवरक त्याले फरशीवर झोपू देऊ नका, अब्बा रागावतीन.”