शिल्लक युनिटं

"अगं, ऊन वाया चाललंय! आण तुझी डाळ!"

सकाळचं ऊन जरा तापलं की काका फाटकाशी उभं राहून ही हाक द्यायचे. जुईनगरच्या आमच्या रो-हाउसच्या गल्लीत ती ऐकली नाही असा माणूस सापडणार नाही. मी घरीच शिवणकाम करते, त्यामुळे पहिला बळी मीच. काका नात्याचे नव्हेत, शेजारी. पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यातून रिटायर झालेले, काकू आधीच गेलेल्या, मुलगा बंगळुरूला.

सरकारी अनुदान मिळतंय म्हटल्यावर त्यांनी गच्चीवर सोलर बसवलं. बसवणारा सांगून दमला, "काका, एकट्या माणसाला एवढं कशाला? निम्मं पण पुष्कळ होईल." काका ऐकतात होय! मुलगा बायको-पोरांना घेऊन कायमचा परत येणार, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. तीन खोल्यांत तीन एसी लावले. अनुदान वजा जाऊनही फंडातला मोठा घास गेला. "बिलाच्या टेन्शननं कोणी एसी बंद करायला नको," म्हणाले.

मुलगा आला नाही. आधी पोरांची शाळा, मग प्रमोशन, मग नुसतंच "बघू, बाबा."

तुम्ही म्हणाल, चला, वीज तरी फुकट! आम्हीही तेच म्हणायचो. आमच्याकडे बिल आलं की घरात भांडण, आणि यांचं बिल नावापुरतं. सगळी गल्ली जळायची. काका मात्र ते बघून खट्टू व्हायचे. दिवसा तयार होणारी वीज वापरायला घरात माणूस कुठे होतं? ती जायची वीज कंपनीकडे. युनिटं काकांच्या नावावर जमा व्हायची आणि मार्चअखेर उरलेली कंपनी स्वस्तात घेऊन टाकायची. "विकायला बसवलं होतं का मी?" असं म्हणून काका चिडायचे.

म्हणून ते सगळ्यांना बोलवायचे. इस्त्री करा, मिक्सर लावा, काहीही करा, पण या. लोक संशयी. "फुकट देतायत म्हणजे काहीतरी असणार," असं समोरच्या वहिनी म्हणायच्या. मी आपली ग्राइंडर उचलून जायचे. एसी आधीच लावून ठेवलेला असायचा. डाळ वाटून झाली की काका बोटावर पीठ घेऊन बघायचे.

"जाडसर आहे गं. फिरव अजून."

कसलं जाडसर! पार लोणी झालेलं असायचं. मला कळायचं, रागही यायचा, घरी ब्लाउज खोळंबलेले असायचे. पण त्या आवरून ठेवलेल्या रिकाम्या खोल्या बघितल्या की मी बटण पुन्हा दाबायचे.

काका आता नाहीत. त्यांचा विषय निघाला की मला त्यांचा शेवटचा उन्हाळा आठवतो.

त्या मे महिन्यात मुलगा खरंच आला, बायको-पोरांसकट, महिनाभर. तिन्ही एसी रात्रंदिवस चालू, वॉशिंग मशीन, टीव्ही, पोरांचा दंगा. मला एकदाही हाक आली नाही. शाळा उघडायच्या आधी सगळे परत गेले.

मग एका दुपारी काका बिल घेऊन माझ्या दारात. चेहरा नुसता फुललेला.

"बघ! युनिटं पुरली नाहीत! वरचे पैसे भरायला सांगितलेत. एवढी वीज जाळली आमी!"

"द्या काका, मोबाईलवरून आत्ता भरून टाकते."

त्यांनी बिल पटकन मागे घेतलं. "नको, नको. मुदत आहे अजून. राहू दे थोडे दिवस. पुढचं परत नावापुरतंच येणार."

आणि ते बिल दाखवायला समोरच्या वहिनींकडे गेले.