चौदाव्या पानाशी

चौदाव्या पानाशी फाईल पाचव्यांदा बंद पडली, तेव्हा कालिंदीकाकूंनी फोन पोळपाटावर उपडा ठेवला, चष्मा काढला आणि नुसत्याच बसून राहिल्या.

गेली सव्वीस वर्षं त्या कळंब्याच्या आपल्या दोन खोल्यांत बसून छापखान्याचं मुद्रितशोधन करत आल्या होत्या. पूर्वी कागद घरी यायचे, लाल खुणा घेऊन परत जायचे. आता जुन्या मालकांचा मुलगा गुरुप्रसाद सगळं फोनवर धाडतो. काकूंचा फोन आठ वर्षांचा.

या वेळी एका दूध संस्थेची पन्नास वर्षांची स्मरणिका होती. शंभर पानं, पानापानावर फोटो. दुसऱ्याच पानावर छापलेलं, 'मुद्रितशोधन : कालिंदी देशिंगकर'. आज दोन वाजेपर्यंत काकूंनी होकाराचा अंगठा पाठवला, की पुस्तक मशीनवर चढणार. आणि वाचून झालेली पानं तेरा.

जागा व्हावी म्हणून त्यांनी काल सुप्रभातची फुलं पुसली होती. मग नातीचा गॅदरिंगमधला नाच, तोही दोनदा बघून. तरी फोन अडला तो चौदाव्यालाच.

"जागेचं न्हाय ओ काकू," गुरुप्रसाद फोनवर म्हणाला. "रॅम कमी हाय तुमच्या फोनची. एवढं फोटो एकदम पेलत न्हाईत त्याला."

"म्हणजे फडताळ रिकामं आहे, पण ओटा लहान."

"आं? व्हय, तसंच की."

"मग काल सांगायचंस ना! नातीचा नाच गेला माझा."

"बरं, फोटो वगळून नुसता मजकूर धाडतो. तेवढा वाचा आणि टाका अंगठा."

नुसता मजकूर लगेच उघडला. एक वाजेपर्यंत काकूंनी तो ओळ न् ओळ वाचला, चुका कळवल्या. पाठ अवघडली होती, कुकर लावायचा राहिला होता. आता अंगठा टाकला असता तर कुणी विचारलंही नसतं. बोट तिथवर गेलंही. मग त्यांनी पुन्हा फोन लावला.

"फोटोची पानं बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. दहा-दहा पानांचे तुकडे करून पाठव."

"काकू, फोटोत काय शुद्धलेखन असतंय व्हय? मशीन थांबलंय हितं!"

"मग दुसऱ्या पानावरचं माझं नाव काढ."

पलीकडे कीबोर्ड खडखडला. मग तुकडे येऊ लागले. दुसऱ्या तुकड्यात चौदाव्या पानाशी फोन थबकला, आणि पान उघडलं.

चौथ्या तुकड्यात श्रद्धांजलीचं पान होतं. कैलासवासी केरबा पाटलांच्या नावावर, हार घातलेल्या चौकटीत, संस्थेचे हंबीरराव हसत होते. झुपकेदार मिशा, डाव्या भुवईवर तीळ. याच आठवड्यात, मंगळवारच्या बाजारात याच हंबीररावांनी काकूंच्या हातातली कोथिंबिरीची जुडी काढून घेतली होती. "ती नगा घिऊ वहिनी, वाळल्याली हाय."

काकूंनी लगेच फोन लावला. "गुरुप्रसाद, सदतिसावं पान उघड."

पलीकडे माऊसची टिकटिक झाली.

"आयला! हंबीरअण्णा?" त्याचा आवाज खाली आला. "परवा प्रकाशनाला तेच हायत की स्टेजवर. हार घालून घ्यायला."

"इथंच घातलास की तू."

"जुन्या फाईलीतनं उचलल्यात फोटो. दोघांच्या मिशा एकसारख्याच... काकू, बदलतो लगेच. मग टाकू मशीनवर?"

"अजून सहा तुकडे राहिलेत."

"बघा सावकाश," तो म्हणाला. "मशीनवाल्याला जेवायला धाडतो."

फोन तव्यासारखा तापला होता. काकूंनी तो मोरीजवळच्या गार फरशीवर टेकवला आणि तो निवेस्तोवर उठून कुकर लावला.