आजाराचा रकाना

चौथीत असल्यापासून घरातले सगळे फॉर्म मीच भरते. बजाजनगरच्या आमच्या गल्लीत तेव्हा इंग्रजी शाळेत जाणारी मी एकटीच होते. मी बोट ठेवीन तिथं पप्पा सही करायचे. वाचायचे नाहीत.

गेल्या वर्षी त्यांच्या कंपनीतला ठेकेदार बदलला. काम राहिलं, पण कामगार विम्याचं कार्ड बंद पडलं. मला नुकतीच नोकरी लागली होती. पप्पांचा आरोग्य विमा मी काढायचा, असं मी ठरवून टाकलं.

शेजारचे काका विम्याची कामं करतात. एका रविवारी दुपारी ते फॉर्म घेऊन आले. आधीपासूनच्या आजारांचा रकाना आला आणि माझा पेन थांबला. पप्पांना सहा वर्षांपासून शुगर आहे. कंपनीत कळलं तर घरी बसवतील, या धास्तीनं ते गोळ्या बडीशेपेच्या डबीत ठेवून नेतात.

“‘नाय’ लिही,” पप्पा म्हणाले.

“बरोबर आहे,” काका हसले. “लग्नाच्या बायोडाटात कोणी मूळव्याध लिहितं का?”

“ह्यांच्या बायोडाटात तर घोरणं बी नव्हतं लिहिलं,” आतून मम्मीचा आवाज आला.

चारचौघांत मला बोलवत नाही. गुपचूप ‘आहे’वर खूण करून फॉर्म पुढं सरकवला असता, तर पप्पांनी नेहमीसारखी सही केली असती. वादही टळला असता. पण न वाचता केलेली ती सही माझ्या भरवशावरची होती. तिच्याआड लपायचं नव्हतं मला.

मी शेवटची बारीक अक्षरं मराठीत सांगितली. आजार लपवला तर पुढं विमा कंपनीला दवाखान्याचा खर्च नाकारता येतो, असं तिथं लिहिलं होतं. काकांकडं न बघता सगळं सांगून टाकलं.

“आन् खरं लिहून विमाच नाय भेटला तर?” पप्पांनी विचारलं.

“तर दुसरीकडं भरू. तिथंही खरंच लिहू.”

“लई शहाणी झालीस. कंपनीत कळलं तर तू जा माझ्या पाळीला.”

पण मी ‘आहे’वर खूण केल्यावर पेन त्यांनी घेतला. आणि पहिल्यांदाच, सही करण्याआधी त्या रकान्याकडं बराच वेळ बघत बसले.

चार दिवसांनी विमा कंपनीचा फोन आला. उत्तरं ज्याचा विमा त्यानंच द्यायची होती. पप्पा नुकतेच पहिल्या पाळीहून आले होते, अंगावर अजून कंपनीचा शर्ट. मी स्पीकर चालू केला.

“मधुमेह, रक्तदाब, काही आजार आहे का?” पलीकडच्या बाईंनी विचारलं.

पप्पांचं तोंड ‘नाय’ म्हणायला उघडलंच होतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग उठून दाराला कडी लावली.

“व्हय. शुगर आहे. सहा वर्षं झाली.”

“गोळीचं नाव?”

ते त्यांना येत नव्हतं. त्यांनी खिशातून बडीशेपेची डबी काढली आणि आतला गोळ्यांच्या पाकिटाचा कापलेला तुकडा माझ्या हातात दिला.

“वाच,” ते म्हणाले. “नीट वाच. एक बी अक्षर सोडू नको.”