अब्बांचा वेगळा तांदूळ

आमच्या खानदानात लग्नाला माणसं जमली की गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे येतं. पोट सुटलं, केस गेले, पण जीभ अजून शाबूत आहे, असं बायको म्हणते. शेवटचा भाग ती कौतुकाने म्हणत नाही. माझ्या गोष्टींत चूर्णाची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. अब्बा सिल्वासाला आमच्याकडे राहायला आले आणि महिनाभर पोटाचं चूर्ण व्हिस्कीच्या ढक्कनाने मोजून घेत राहिले, ही ती गोष्ट. लोक हसून हसून ताटातली बिर्याणी सांडतात. मी तिथेच थांबतो. पुढचं आजवर कुणाला सांगितलं नाही. लिहिताना निदान समोर कुणी हसायला बसलेलं नसतं.

अब्बा खानदेशात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. शाळेत गणित शिकवायचे आणि घरी आम्हाला फलसफा, म्हणजे तत्त्वज्ञान. आमच्याकडे घराघरात कापूस, त्यामुळे उदाहरण आयतंच हाताशी. बाजेवर बसून बोंडातला कापूस चिमटीत धरायचे आणि विचारायचे, "हा चुलीत टाकला तर जळेल. कोण जाळेल? आग की अल्ला?" आम्ही 'आग' म्हटलं, तर जुन्या विद्वानांतल्या एका तटाचे होऊन बोलायचे: आगीत काय ताकद, दर वेळी नव्याने जाळणारा तोच. आम्ही घाबरून 'अल्ला' म्हटलं, की दुसऱ्या तटात: "मग चुलीत हात घालून दाखव बरं!" अम्मी आतून ओरडायची, "पोरांना आधी जेवू द्या, मग जाळा काय जाळायचं ते."

एका बाबतीत मात्र ते कधी बाजू बदलत नसत. माणसाचं कर्म कुणाचं, यावरून त्या जुन्या लोकांत मोठं भांडण होतं. काही म्हणायचे, सगळं वरूनच घडवलं जातं. अब्बा म्हणायचे, "मग हिशेबाच्या दिवशी जाब कुणाला विचारणार? नशीब लिहिणाऱ्या लेखणीला?" मशिदीत काही जण त्यांना 'फलसफी मास्तर' म्हणून टोमणे मारायचे. फार अक्कल चालवली की ईमान पातळ होतं, असं एकाने तोंडावर सांगितलं. अब्बा म्हणाले, "अक्कल अल्लानेच दिलीय भाई. टोपीखाली झाकून ठेवायचीच असती तर नुसती टोपीच दिली असती."

या शिक्षणाचा माझ्यावर झालेला परिणाम असा, की मी नमाजात कच्चा आणि वादात पक्का निघालो.

पुढे पोट भरायला सिल्वासाला आलो. तिथल्या मसाटच्या औद्योगिक वसाहतीत ढक्कनांच्या कारखान्यात लागलो आणि वीस वर्षांत क्वालिटी इन्चार्ज झालो. काम काय, तर हजारातून एक ढक्कन उचलायचं, बाटलीवर फिरवून लावायचं, फिरवून काढायचं. पोरं मला पाठीमागे काय म्हणतात ते वेगळं सांगायला नको. आमची ढक्कनं तेलाच्या बाटलीवर जातात, औषधाच्या जातात, आणि सगळ्यात जास्त जातात दारूच्या. शेजारच्या गुजरातेत बंदी, आमच्याकडे खुली. रविवारी रस्त्यावर गर्दी कशाची असते ते इथे शेंबड्या पोरालाही कळतं. गावी मात्र मी 'प्लास्टिकच्या कंपनीत' एवढंच सांगायचो. खोटं नव्हतं ते.

अम्मी गेली आणि अब्बांना मी सिल्वासात, टोकरखाड्याच्या आमच्या दोन खोल्यांत आणलं. माझ्या बॅगेत नमुन्याची, छपाईआधीची कोरी ढक्कनं नेहमी पडलेली असत. त्यातलं एक सोनेरी त्यांना सापडलं. चूर्णाला बरोबर मापाचं होतं. खूश झाले.

"वा! शाही काम आहे. कसल्या बाटलीचं रे हे?"

मी भाजी निवडत बसलो होतो. मान वर न करता म्हणालो, "सरबताच्या."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी मेथी निवडत राहिलो.

महिनाभर ते ढक्कन त्यांच्या उशाशी होतं. एका शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजाहून परत आले. वाटेत वाइन शॉप लागतं, त्याच्या गटाराशी तशीच सोनेरी ढक्कनं पडलेली असतात. एक त्यांनी उचलून आणलं होतं. चूर्णाच्या ढक्कनाशेजारी ते खिडकीत ठेवलं. दोन्ही सारखी; गटारातल्यावर तेवढं दारूचं नाव छापलेलं. मला काही बोलले नाहीत. संध्याकाळी बायकोला म्हणाले, "बेटी, माझं जरा वेगळं शिजवत जा. पोटाला मानवत नाही." दुसऱ्या दिवशी स्वतः कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि पेन्शनच्या पैशातून तांदूळ, मूगडाळ, मीठ, तेल, सगळं घेऊन आले. मीठसुद्धा. स्टीलचा एक डबा त्यांच्या पलंगाखाली गेला. तेव्हापासून आमच्या घरात दोन कुकर लागायला लागले. जेवायला अंथरलेला दस्तरखान एकच, वेळ एकच. ताट त्यांचं वेगळं. माझ्या घरातला एक घास त्यांनी पुन्हा घेतला नाही. चहासुद्धा त्यांच्या पुडीचा. हराम कमाईचं अन्न पोटात गेलं की दुआ वर चढत नाही, हे आमच्याकडे लहान मुलालाही सांगतात.

कारखान्यात मशीनवर धुळ्याकडचा एक दोस्त होता. त्याला हे सांगितलं, तर म्हणाला, "भाऊ, म्हातारा रुसना शे. दोन दिनमा जेवी." दोन दिवसांचे आठ झाले. मग मी ठरवलं की अब्बांना त्यांच्याच हत्याराने गाठायचं. रविवारी दुपारी, ते आपला भात मोकळा करत असताना, समोर जाऊन बसलो.

"अब्बा, ढक्कन कारखान्यातून निघतं तेव्हा ते नुसतं ढक्कन असतं. कुठल्या बाटलीवर बसायचं हे त्याच्या नशिबात आहे, माझ्या हातात नाही."

"त्यावर दारूचं नाव कोण छापतं?"

"छपाई खातं वेगळं आहे."

"अच्छा. खातं वेगळं."

"आणि मागे जायचंच तर पूर्ण जाऊ. ढक्कन होतं प्लास्टिकच्या दाण्यांचं. दाणे होतात जमिनीतल्या तेलाचे. तेल निघतं अरबांच्या वाळूतून. मग पहिला गुन्हेगार कोण धरायचा? वाळू?"

अब्बा हसले. खोटं नाही, खरंच खुदखुदून हसले. अम्मी गेल्यानंतर पहिल्यांदाच. माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "क्या बात! माझे जुने लोक असते तर त्यांनी तुला जवळ बसवून घेतलं असतं. जिंकलास तू."

मी फुगलो. बायकोला खूण केली. तिने आमच्या कुकरमधलं वरण वाटीत घालून त्यांच्यापुढे ठेवलं. अब्बांनी वाटी दोन्ही हातांनी उचलली, अदबीने, आणि माझ्या ताटाशी ठेवली. मग आपल्या भातावर आपलं मीठ घातलं.

रात्री बायको म्हणाली, "तुमचं काम हलाल की हराम, हे त्यांनी तुम्हाला विचारलं होतं का?"

"म्हणजे?"

"त्या शुक्रवारपासून स्वतःहून एक शब्द तरी विचारलाय? तुम्हीच आपले वाळूपर्यंत जाऊन आलात. ते सरबताचं कधी सांगताय याची वाट बघतायत."

"तुला काय माहीत?"

"दोन्ही ढक्कनं खिडकीत ठेवलीत. नाहीतर फेकून नसती दिली?"

तिचं खरं असावं असं मला त्याच क्षणी वाटलं. आणि तरी मी काही बोललो नाही. कारण असं, की खोटं बोललो हे कबूल केलं तर लाज वाटली हेही कबूल करावं लागलं असतं; आणि लाज वाटते तर ते काम करतोस कशाला, हा पुढचा प्रश्न आपोआप आला असता. पन्नाशीला टेकलेला, ढक्कन फिरवण्यापलीकडे काही न येणारा माणूस कुठे जाणार? म्हणून म्हटलं, रमजानमध्ये सांगू. रमजानमध्ये म्हटलं, ईदेला गळाभेट घेताना सांगू. ईदेला गळाभेट झाली. त्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवलं. मी "ईद मुबारक" म्हणालो. शीरखुर्मा त्यांनी स्वतः विकत आणलेल्या दुधातला, वेगळा घेतला.

ईदेनंतर काही आठवड्यांनी, सकाळी नमाजाआधी हातपाय धुऊन वजू करताना ते मोरीतच कोसळले. दवाखान्यात कळलं की मेंदूत रक्त साकळलंय. वाचा गेली, उजवी बाजू गेली, गिळणं गेलं. डोळे उघडे असायचे, पण ते बघतात की नुसते उघडे आहेत, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. नाकातून नळी घातली. नर्सबाई चांगली होती. म्हणाली, "दर दोन तासांनी पेज द्यायची, पातळ, गाळून. आणि काय देताय ते पेशंटला सांगत जा हां. ऐकू येत असलं तर घाबरत नाहीत."

बायको घरून त्यांच्याच डब्यातल्या तांदळाची पेज करून आणायची. नळीत ओतण्याआधी कानाशी वाकून सांगायची, "अब्बा, तुमचाच तांदूळ आहे, तुमचंच मीठ." पाचव्या दिवशी डबा संपला. पेन्शन बँकेत पडून होती. कार्डाचा गुप्त नंबर त्यांच्या डोक्यात, आणि डोकं असं.

सहाव्या दिवशी ती आली. थर्मास टेबलावर ठेवला.

"आपल्या पिंपातला तांदूळ आहे," ती म्हणाली.

"दुसरा काय करणार?"

"मी कुठे काय म्हणतेय? उपाशी नाही ठेवता येत माणसाला, ही त्यांचीच शिकवण. फक्त आज तुम्ही सांगा त्यांना."

तिने पेला माझ्या हातात दिला आणि पदर सावरून भिंतीशी उभी राहिली. नर्सबाईने नळीचं टोक वर धरलं. मी वाकलो. अब्बांच्या कानावर पांढरे केस आले होते, ते मी कधी इतक्या जवळून पाहिले नव्हते. दारूचं ढक्कन, सरबत, वीस वर्षं. बोलायचं म्हटलं तर चार वाक्यं होती. त्यांना उलट बोलता येणार नव्हतं, प्रश्न विचारता येणार नव्हता. जगात कुणाला इतका सोपा कबुलीजबाब मिळाला नसेल.

"अब्बा," मी म्हणालो, "पेज आहे."

बायको थांबून राहिली. नर्सबाई म्हणाली, "ओता ना काका, गार होतेय."

मी ओतली. पेज हळूहळू नळीतून खाली गेली. अब्बांचे डोळे छताकडे होते. ते त्यानंतर अकरा दिवस होते, आणि अकराही दिवस मी दर दोन तासांनी कानाशी वाकून तेवढंच सांगत राहिलो.